मेंढरांकडं जायची गाडी

माझा गाळा आमच्याच इमारतीच्या खाली, पार्किंगला लागून आहे. गाड्यांच्या सीटांची कव्हरं, टेम्पोच्या ताडपत्र्या, असलं जाड शिवणकाम मी करते. सकाळी शटर वर केलं की समोर जे असेल ते दिवसभर बघावं लागतं, आणि माझ्या नशिबी काय आलं, तर खंडूभाऊंची गाडी. आली त्या दिवशी तिचा मागचा दरवाजा सुतळीनं बांधलेला होता. कुणा कंत्राटदारानं खडीच्या खाणीवर वापरून वापरून पार पिळून काढलेली, जुनी डिझेलची, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी. मी म्हटलं, भाऊ, भंगारवाल्यानं वाटेत टाकून दिली का काय ही? ते हसले. म्हणाले, हिला उभी करतो ताई, मग मायला घेऊन मेंढरांकडं जायचंय.

खंडूभाऊ तिसऱ्या मजल्यावर राहायचे. वाळूजला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये सुपरवायझर. बायको बिडकीनच्या शाळेत शिक्षिका, मुलगी लग्न होऊन नाशिकला, आणि घरात त्यांची माय. मूळचे पाचोडकडचे, धनगर. बाप गेल्यावर मायनंच मेंढरं सांभाळली, रानोमाळ हिंडली आणि एकुलत्या एका पोराला शिकवलं. हे ते स्वतःहून कुणाला सांगत नसत. अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, केसाला तेल. पण गाडी सुरू करताना मात्र जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढायचे, जनावराला हाकतात तसा. एकदा मी म्हटलं, ती चावीनं सुरू होते हो, तुमच्या आवाजानं नाय. एवढे लाजले की दोन दिवस माझ्यासमोर गाडीला हात लावला नाही.

गाडीचं काम दर रविवारी चालायचं. आधी चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे बदलले, गाडी उंच केली. मग दगडाधोंड्यात चालणारे जाड दातांचे टायर आले. इंजिनाच्या पोटाखाली लोखंडी पत्रा बसला. हवा ओढायला छपरापर्यंत चढणारं काळं नळकांडं आलं. ओढ्यातून जाताना इंजिनात पाणी जाऊ नये म्हणून ते, असं त्यांनी मला समजावून सांगितलं. मी विचारलं, पाण्यातून जायचंय कुठं तुम्हाला? इथं नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं. पुढच्या बंपरवर रुतलेली गाडी ओढून काढायचं विंच, छपरावर कॅरियर, मागं दुसरी बॅटरी. प्रत्येक वेळी कुणी विचारलं, झाली का हो गाडी, की उत्तर एकच. झालीच समजा, एवढं एक राहिलंय.

त्यांची माय, म्हणजे आमची मावशी, रोज दुपारी जिन्यावरून एकेक पायरी धरत खाली यायची आणि माझ्या गाळ्यात ताडपत्रीच्या गठ्ठ्यावर बसायची. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनसाठी खंडूभाऊंनी तिला इथं आणलं, ती इथंच राहिली. डोळे छान झाले. सुईत दोरा ओवून द्यायची मला, चष्म्याशिवाय. पण जीव रमत नव्हता. फ्लॅटमध्ये पाय मोकळे होत नाहीत, फरशीवर झोप लागत नाही, आणि कोकरं कशी असतील, कुणी खुरं बघत असंल का, हाच घोर. मेंढरं तिच्या भावाच्या नातवाकडं, फुलंब्रीच्या पलीकडच्या माळावर ठेवलीत असं खंडूभाऊंनी तिला सांगितलं होतं. गाडी तयार झाली की जायचं. ती गाडीकडं बघायची आणि मला विचारायची, झालं का गं पोरी त्याचं? मी म्हणायची, होईल की मावशी, आता काय, होतच आलंय.

मला गाडीच्या कामात ओढलं ते मांडवासाठी. गाडीच्या बाजूला कॅरियरला गुंडाळून ठेवायचा कापडी मांडव त्यांना हवा होता. बाजारात असले मांडव तयार मिळतात, हे मी सांगितलं. नको म्हणाले. तयार मांडवाला दोन माणसं लागतात, मायला एकटीला उघडता आला पाहिजे. मग मावशी स्वतः उठली आणि वितीनं मोजून दाखवायला लागली. वारं कुठून येतं, चूल कुठं मांडायची, कापड कुठवर खाली हवं. आमच्या दोघींत त्यावर भांडण व्हायची वेळ आली. माझा टेप आणि तिची वीत कुठंच जुळेना. शेवटी तिच्या वितीनंच शिवला, आणि मेला बसला पण बरोबर.

मागचे कप्पेही तसेच. खंडूभाऊंनी मोबाइलवर बघून प्लायवुडचे सुंदर खेचायचे कप्पे केले होते. भांडी एकीकडं, अंथरूण एकीकडं, पाण्याची टाकी उजव्या अंगाला. मावशीनं ते उघडून बघितलं आणि तोंड वाकडं केलं. घोड्यावर बिऱ्हाड लादताना पाणी कधी उजव्या अंगाला घेतात का, म्हणाली. आणि सगळ्यात आधी लागतं ते सगळ्यात शेवटी चढवायचं, हे सुदिक विसरला का रं? मग तिनं विचारलं, कोंबडी कुठं बसायची? धनगरांचं बिऱ्हाड चालतं तेव्हा घोड्यावर कोंबड्या बांधलेल्या असतात, हे मला तेव्हा कळलं. खंडूभाऊंनी सगळे कप्पे उचकटले, पाणी डावीकडं नेलं आणि मागच्या दाराला कोंबडीचा पिंजरा वेल्ड केला. सोसायटीच्या सेक्रेटरीनं तो पिंजरा बघून कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना. खंडूभाऊ हसले नाहीत. मायनं काही सांगितलं की ते असे झटून करायचे, की बघणाऱ्यालाच कसंनुसं व्हावं. आईचं ऐकणारी माणसं मी पाहिलीत, पण आईसमोर पोलिसासमोर उभं राहिल्यासारखं उभं राहणारा हाच एक.

आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात यायला उशीर झाला. इमारतीत कुणाकडं नवसाची कंदुरी असो, बारसं असो, खंडूभाऊ मटणाला हात लावत नसत. पोट बरं नाही, म्हणायचे. मावशी एकदा सहज बोलून गेली, की लहानपणी हाडकावरून चुलत भावंडांशी मारामाऱ्या करायचा. मी म्हटलं असेल बाबा, वयानं पोट बिघडतं.

गाडी उंच करण्याच्या नादात त्यांनी जो घोळ घातला, तो अजून आमच्या इमारतीत सांगतात. नवे पाटे, मोठे टायर, सगळं बसलं. दसऱ्याला पूजा केली, मावशीला नवं लुगडं नेसवून खाली आणलं. सगळी इमारत जमली. दार उघडलं, आणि मावशीचा पाय काही वर जाईना. गुडघे आधीच गेलेले, आणि गाडीची उंबरठ्याची पट्टी तिच्या कमरेला. एकानं हात धरला, एकानं मागून आधार दिला, तरी जमेना. ज्या बाईसाठी गाडी बांधली, तिलाच चढता येईना. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

पण मी खंडूभाऊंच्या तोंडाकडं बघितलं, आणि माझं हसू तिथंच अडकलं. माणूस खजील व्हायला पाहिजे होता. ह्यांच्या तोंडावर सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. लगेच म्हणाले, काही नाही माय, खाली पडणारी पायरी करतो, एवढं एक राहिलंय. मावशी जिना चढून गेली. नवं लुगडं तसंच नेसून संध्याकाळपर्यंत गॅलरीत बसली होती.

दुसऱ्या दिवशी ते पायरीचं माप घ्यायला आले तेव्हा मी गाळ्यात एकटीच होते. माझा स्वभाव असा, मनात आलेलं तोंडात राहत नाही. मी सरळ म्हटलं, भाऊ, तुम्हाला जायचंच नाहीये. फुलंब्रीला जायला विंच लागत नाही, रिक्षा जाते. म्हातारीला का झुलवताय?

ते टेप गुंडाळत राहिले. मग म्हणाले, "मेंढरं न्हाईत, ताई. मी विकली."

मायला ऑपरेशनला आणलं त्याच आठवड्यात पाचोडच्या बाजारात एका व्यापाऱ्याला सगळा कळप देऊन टाकला होता. तिला विचारलं असतं तर तिनं दिला नसता, आणि डोळे झाल्यावर परत माळावर गेली असती. गुडघे गेलेली बाई, पावसाळ्यात उघड्यावर, एखाद दिवशी मरून पडली असती. हे सगळं त्यांनी मला सांगितलं, आणि मी म्हणणारच होते की चांगल्यासाठीच केलंत, तर तेच म्हणाले, हे झालं लोकांना सांगायला. तेव्हा मुलीला स्थळ आलं होतं, शहरातलं. पाहुण्यांनी विचारलं, आजी काय करतात? खंडूभाऊंच्या तोंडून निघून गेलं, की गावी शेती बघतात. त्या रात्री झोप लागली नाही म्हणाले. आणि सकाळी उठून व्यापाऱ्याला फोन केला. डोळ्याला पट्टी होती तोवर सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पट्टी निघाल्यावर मायनं पहिलं मेंढरांचंच विचारलं, आणि तोंडातून खोटं निघून गेलं. एकदा निघालेलं मग काही परत आत जाईना.

त्या दिवसापासून मीही त्यात सामील झाले. मावशी गठ्ठ्यावर बसून विचारायची, झालं का गं? आणि मी तिनंच ओवून दिलेल्या दोऱ्यानं टीप मारत सांगायची, पायरी राहिलीय. आधी बोलायची तेव्हा निदान माझ्या पोटात काही नव्हतं. आता मान वर करायची लाज वाटायची. रागसुद्धा यायचा खंडूभाऊंचा, मला कशाला सांगितलंत म्हणून. विचारलं तर मीच होतं, आता बोला.

मधे शहरातल्या काही हौशी पोरांच्या गटाबरोबर ते गाडी तपासायला गेले. दौलताबादच्या पलीकडच्या डोंगरात असली पोरं आपल्या चकचकीत गाड्या चिखलात, दगडांत घालतात. त्यातला एक माझ्याकडं सीटकव्हर शिवायला यायचा, त्यानं सांगितलं. काकांची गाडी सगळे चढ चढली, एक नंबर चालली म्हणे. परत येताना एका अरुंद वाटेवर मेंढरं आडवी आली. बाकीच्यांनी हॉर्न वाजवून वाट काढली. काकांनी गाडी बंद केली आणि स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले. कळप जाऊन धूळ खाली बसली तरी गाडी सुरू करेनात. शेवटी ह्यानंच जाऊन चावी फिरवली. तो हसत सांगत होता, काकांना डुलकी लागली बहुतेक. मी म्हटलं, असेल.

पायरी झाली. मग करण्यासारखं खरोखरच काही उरलं नाही. खंडूभाऊ एका रविवारी नुसतेच गाडीभोवती फिरत होते, नट घट्ट असलेले पुन्हा घट्ट करत होते. मावशीनं वरून गॅलरीतून सगळं बघितलं आणि खाली येऊन सांगितलं, येत्या शनिवारी जायचं, आणि ही पोरगी पण येणार. पोरगी म्हणजे मी.

शुक्रवारी खंडूभाऊ गाळ्यात आले. त्यांनी तोड काढली होती. भावाचा नातू हरबा खरोखरच फुलंब्रीच्या पलीकडं माळावर होता, त्याची स्वतःची मेंढरं होती. त्याला सांगून ठेवलं होतं, की मायची मेंढरं ह्यातच मिसळलीत असं म्हण. माय कळप सोडून आली तेव्हा तिला नीट दिसत नव्हतं, तोंडं ती कशी ओळखणार? मधे दोन वेत झाली, जुनी गेली, नवी आली. मी म्हटलं, भाऊ, हे बरं नाही. एक खोटं बोललात ते पुरे, आता त्याला आणखी पाय फोडू नका. सांगून टाका. ते म्हणाले, "सांगतो. पण आधी तिला एकदा मेंढरांत बसू द्या."

गेले मी पण. शिदोरी बांधून गेले.

सिल्लोडच्या रस्त्यानं फुलंब्री ओलांडली आणि डांबर सोडून गाडी माळाला लागली. त्या पाट्यांचा, टायरांचा पैसा तिथं वसूल झाला म्हणायचा. घळीत उतरली, दगडांवरून चढली, आणि मागं बसलेल्या मावशीच्या मांडीवरच्या, ह्या प्रवासासाठी मुद्दाम विकत आणलेल्या कोंबडीनं पंखसुद्धा फडफडवला नाही. पिंजरा केलेला असून कोंबडी मांडीवर, कारण पिंजऱ्यात तिला धूळ लागते. मावशी काचेबाहेर बघत होती आणि गवताची, झाडांची नावं घेत होती. मी तिला एवढी बोलताना कधी ऐकली नव्हती.

हरबाचा तळ एका बाभळीपाशी होता. मेंढरं नुकतीच माळावरून परतत होती. खंडूभाऊंनी पायरी खाली पाडली, मावशी उतरली, कुणाचा हात न घेता. हरबा पढवल्यासारखं बोलला, आज्जी, ही बघ तुझी, समदी धडधाकट. मावशी कळपात शिरली. मेंढरं अनोळखी माणसाला बिचकतात, तिला बिचकली नाहीत. तिनं एकीच्या मानेखाली हात घातला, आणि मग तिची बोटं कानावर गेली. डावा कान तिनं टोकापर्यंत चाचपला. सोडला. दुसरीचा चाचपला. तिसरीचा.

मला काहीच कळलं नव्हतं. मी खंडूभाऊंकडं बघितलं, तर माणूस पांढराफटक. हळूच माझ्या कानाशी म्हणाले, आमच्यात डाव्या कानाला काप असतो. हरबाच्यात उजव्या.

कारखान्यात इतकी वर्षं काढली, सुताच्या फरकानं लोखंड कापलं, गाडीचा एकेक बोल्ट तीनदा तपासला, मायनं म्हटलं म्हणून पाणी डावीकडं नेलं, आणि घरच्या मेंढराची खूण हा माणूस विसरून गेला होता. तिचा हात कानावर गेला तेव्हा आठवली.

मावशी पुष्कळ वेळ आत होती. बाहेर आली तेव्हा लुगड्याला लेंडी आणि लोकर लागलेली. हरबाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, नीट ठेवलीत रं बाबा. चूल मांडली, मी शिवलेला मांडव स्वतः एका हातानं उघडला, भाकरी थापल्या, सगळ्यांना वाढल्या. खंडूभाऊ भाकरी नुसती कुस्करत बसले. ती म्हणाली, खा, गार होतंय. गाडीत त्यांनी तिच्यासाठी गादी केली होती, तिची खोळ मीच शिवलेली. ती गादीवर झोपली नाही, मेंढरांच्या कडेला घोंगडी टाकून झोपली. मला वाटलं, तिला कळलं नसेल. कळलं नसावं असं वाटून मी झोपले, कारण मला तसंच हवं होतं.

सकाळी निघालो. घळ ओलांडली, पुढं डांबर दिसायला लागलं, तेव्हा मागून मावशी बोलली. आवाज साधा, भाजीचं विचारावं तसा.

"खंडू, मपली काळी मेंढी विकली तवा वरडली का रं?"

गाडी थांबली. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, तुरीचं शेत होतं. खंडूभाऊंनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"व्हय माय," ते म्हणाले. "टेम्पोत चढवताना लई वरडली. मी पाठ फिरवून हुबा राह्यलो."

मावशीनं कोंबडीला मांडीवर नीट घेतलं.

"पाठ फिरवाया नको व्हती," ती म्हणाली. "तिची माय मेल्यावर सुट्टीत आलास तवा तूच तिला बाटलीनं दूध पाजलं व्हतं. तिनं तुलाच हाक मारली आसंल."

खंडूभाऊंनी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. मोठा माणूस रडताना मी पहिल्यांदा इतक्या जवळून ऐकला. मावशीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही, गप्प राहा म्हणाली नाही. कोंबडीच्या पिसांतली धूळ झाडत बसून राहिली. मग म्हणाली, चल आता, ऊन व्हतंय. मला ती एका शब्दानं बोलली नाही. इतके दिवस पायरी राहिलीय, पायरी राहिलीय म्हणून सांगत होते मी, ते तिच्या लक्षात नसेल असं थोडंच आहे. बोलली असती तर बरं झालं असतं.

घरी पोचलो तेव्हा भर दुपार होती. मावशी कोंबडी काखेत घेऊन वर गेली. मी शिदोरीची भांडी काढून घेतली. खंडूभाऊ गाडीचं दार उघडं टाकून तसेच आत बसून होते. शर्टाची इस्त्री गेली होती, केस विस्कटले होते. म्हणाले, "शिवी तरी द्यायची हो ताई तिनं. एक थोबाडीत तरी मारायची." मी पाणी देऊ का, विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली. म्हटलं, भाऊ, वर जा, घरी जा. ते उठेनात. वर जाऊन तिच्यासमोर बसायचं कसं, हे त्यांना समजत नव्हतं, आणि मलाही समजत नव्हतं.

मी शटर अर्धं ओढलं. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरून मावशीची हाक आली, "खंडू, ये रं, जेवाया ये."

"आलो माय," ते म्हणाले, आणि दार उघडं टाकूनच जिन्याकडं पळाले.